बॅज म्हणजे चिलखत नव्हे
‘टीएलडी बॅजमुळे कामगाराचं किरणोत्सर्गापासून संरक्षण होतं’ हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. टीएलडी बॅज म्हणजे किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यानं अंगावर लावायचा, डोस मोजणारा बिल्ला. बॅज काहीही अडवत नाही. आतल्या चकत्या अंगाला मिळालेल्या किरणोत्सर्गाच्या डोसची नोंद साठवतात. साधारण तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत त्या तापवल्या की आकडा कळतो. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिकाऊंसाठी १६ ते १८ वयात वर्षाला ६ मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) ही मर्यादा आहे. ती पाळली जाते ती सर्व्हे मीटर, म्हणजे जागेवरचा किरणोत्सर्ग लगेच दाखवणारं यंत्र, घेऊन सगळ्यांच्या आधी आत जाणाऱ्या माणसामुळे. त्याच्याविषयी लेखात एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं.

मी शिकाऊ होतो तेव्हा सुरुवातीचे कित्येक दिवस हातात फक्त कंटॅमिनेशन मॉनिटर असायचा, म्हणजे वस्तूंना चिकटलेले किरणोत्सर्गी डाग शोधणारं यंत्र. त्याचा प्रोब, म्हणजे हातात धरायचा शोधक भाग, वस्तूच्या जेमतेम सेंटिमीटरभर वर धरायचा, तिला टेकवायचा नाही, आणि इतका सावकाश सरकवायचा की खांदा भरून यायचा. घाई केली की बारीक डाग निसटलाच म्हणून समजा. एकदा मी एक बूट ‘साफ आहे’ म्हणून पुढे दिला. आमच्या सरांनी काही न बोलता प्रोब टाचेच्या खाचेवर नेऊन स्थिर धरला. दोन-तीन सेकंदांत यंत्राची टकटक वाढली, म्हणजे डाग होता. तो बूट मी पुन्हा पहिल्यापासून तपासला.