पावशेर जिऱ्यासाठी पोतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी यूएसबीच्या व्हेंडर आयडीच्या (उपकरण कोणत्या कंपनीचं हे संगणकाला सांगणारा क्रमांक) फीवरून रडगाणं गातो, वाचकांना 'सॅम्पल कोडमधला नंबर तसाच ठेवा' असा चोरीचा सल्ला देतो, आणि ज्याला फी परवडत नाही त्याने उपकरणं विकायला बसूच नये, असं तुमचं म्हणणं.

सल्ला चुकला, हे आधी कबूल. त्याचं फळ मीही चाखलंय. पानं उलटायला केलेल्या पायपेडलमध्ये माझ्याच जुन्या गेमपॅडचा व्हीआयडी-पीआयडी (व्हेंडर आयडी आणि त्याखालचा उपकरणाचा क्रमांक) राहून गेला होता. विंडोज जॉयस्टिकचं नाव या जोडीवरून रजिस्ट्रीत जपून ठेवतं, त्यामुळे पेडल लावलं की गेमपॅडचं नाव दिसायचं. मी आपला संध्याकाळभर सोल्डरिंग तपासतोय! ते वाक्य लेखातून काढलं आहे.

पण 'परवडत नसेल तर विकू नका' हे काही पटलं नाही. यूएसबीचा कारभार बघणारी संस्था यूएसबी-आयएफ एक व्हीआयडी देते, त्याच्या पोटात ६५,५३६ पीआयडी. एकरकमी फी ६,००० डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या घरात. मला विकायची वीस पेडलं, आणि विसांना मिळून पीआयडी लागतो एक. पावशेर जिरं मागायला गेलो तर दुकानदार म्हणतो पोतंच घ्या, वर शेजाऱ्यांत वाटायचंही नाही.

फुकट द्या असं मी म्हणत नाही. इथरनेटकडे, म्हणजे तारेच्या नेटवर्ककडे बघा. तिथे तर प्रत्येक नगाला वेगळा पत्ता लागतो, तरी हे पत्ते वाटणारी संस्था आयईईई ४,०९६ पत्त्यांचा छोटा गठ्ठाही देते. आपले आपण ठरवलेल्या स्थानिक पत्त्यांसाठी पत्त्यात एक बिटच राखून ठेवलाय. मायक्रोचिप कंपनीची, पत्ता आधीच भरलेली ईईप्रॉम (छोटी मेमरी चिप) सुटी मिळते. यूएसबीत अशी राखीव जागाच नाही. २०१३ साली अरॅक्निड लॅब्स या कंपनीने ओपन हार्डवेअरवाल्या, म्हणजे डिझाइन सर्वांना खुलं ठेवणाऱ्या हौशी मंडळींसाठी एक व्हीआयडी बाजूला काढा असं यूएसबी-आयएफला सुचवलं, तर नकार मिळाला.

तयार चिप वापरा, हा तुमचा मुद्दा मात्र रास्त. मायक्रोचिप, एफटीडीआय या कंपन्या आपापल्या चिपसाठी स्वतःच्या व्हीआयडीखाली पीआयडी देतात. आपली आरपी२०४० चिप वापरणाऱ्यांना रास्पबेरी पायही देते.

उरला खुल्या डिझाइनांना पीआयडी वाटणाऱ्या पिड डॉट कोड्स या साइटचा व्हीआयडी, १२०९. त्यालाही तुम्ही चोरी म्हणता. तो व्हीआयडी मुळात इंटरबायोमेट्रिक्स या कंपनीचा. कंपनीचा धंदा बंद झाल्यावर पिड डॉट कोड्सला दिला गेला. असं हस्तांतर रोखणाऱ्या अटी येण्याआधी तो घेतलेला होता, अशी त्यांची बाजू. यूएसबी-आयएफला हे मान्य नाही, आणि यूएसबीचं बोधचिन्ह लावायचं तर हा रस्ता उपयोगाचा नाही, हेही खरं. माझ्या पेडलवर बोधचिन्ह नाहीच. पिड डॉट कोड्सकडे पैसे लागत नाहीत, पण डिझाइन खुल्या परवान्याखाली हवं. माझा अर्ज परवान्याची फाइल नसल्यामुळे अडकला होता, परवा टाकली.