‘एमपी४ लिहिलेला कोणताही प्लेअर चालतो’ : एका संदेशाचा प्रतिवाद

गणपतीचे दिवस जवळ आले की चाकरमान्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गाडीच्या आरक्षणाच्या चौकशीबरोबर एक जुनाच संदेश नव्याने फिरू लागतो. गावच्या घरातल्या टीव्हीसाठी डीव्हीडी प्लेअर घेऊ पाहणाऱ्यांना त्यात सल्ला दिलेला असतो, आणि तो थोडक्यात असा : दोन-अडीच हजारांतला कोणताही प्लेअर उचला, खोक्यावर ‘एमपी४’ आणि ‘फुल एचडी १०८०पी’ एवढे छापलेले आहे ना ते पाहा, मग मोबाइलमधले व्हिडिओ, पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, जुन्या सीडी असे सगळे त्यावर चालते; एखादी सीडी चालली नाही तर ती खराब झाली असे समजून टाकून द्या; आणि नावाजलेल्या कंपनीचा प्लेअर घेणे म्हणजे निव्वळ नावाचे पैसे मोजणे. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात प्लेअर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली. दर भाद्रपदात या संदेशावर विसंबून घेतलेले दोन-चार प्लेअर माझ्या टेबलावर येतात आणि त्यांतले बहुतेक बिघडलेले नसतातच. बिघडलेला असतो तो सल्ला. त्यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे आधीच मान्य करतो. बाकीच्यांचे तसे नाही.

सर्वांत जास्त घोटाळा ‘एमपी४’ या तीन अक्षरांनी केला आहे. हे नाव एमपेग-४वरून आले आहे, आणि एमपेग-४ हे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या एकाच पद्धतीचे नाव नसून अनेक भागांत विभागलेल्या एका मोठ्या मानकाचे नाव आहे. त्याचा दुसरा भाग १९९९चा. एके काळी घरोघर पोहोचलेल्या डिव्हएक्स आणि एक्सव्हिड या दोन्ही पद्धती त्याच्यावर उभ्या आहेत. (एक्सव्हिड हे नाव डिव्हएक्सची अक्षरे उलटी लिहून केलेले आहे, हे ज्यांच्या लक्षात आले नसेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.) त्याच मानकाचा दहावा भाग २००३मध्ये आला, त्याला एच.२६४ म्हणतात; तो चित्र कितीतरी अधिक दाबून बसवतो आणि ते पुन्हा उलगडायला यंत्राला तितकेच अधिक काम पडते. स्वस्त डीव्हीडी प्लेअरमधली चिप मुळात डीव्हीडीसाठी एमपेग-२, व्हीसीडीसाठी (म्हणजे व्हिडिओ साठवलेल्या सीडीसाठी) एमपेग-१ आणि वर जोड म्हणून एमपेग-४चा दुसरा भाग उलगडण्यासाठी बनवलेली असते. आपला मोबाइल मात्र चित्रीकरण करतो ते दहाव्या भागात, नाहीतर २०१३मध्ये आलेल्या एचईव्हीसी या त्याच्या धाकट्या भावंडात. तेव्हा खोक्यावर छापलेले खोटे नसते आणि मोबाइलमधल्या फाइलच्या नावाच्या शेवटी असलेले ‘एमपी४’ही खोटे नसते, फक्त दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

हे समजायला आपल्याकडे आंब्याच्या पेटीइतके सोपे उदाहरण नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी दिसणारी एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही पेट्यांची नावे आहेत. पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहिले म्हणून आत देवगडचाच हापूस असतो असे आपण वाशीच्या बाजारातसुद्धा धरून चालत नाही, पेटी फोडून वास घेतो. व्हिडिओच्या पेटीतही चित्र एका पद्धतीचे, आवाज दुसऱ्या पद्धतीचा, असे असू शकते, आणि प्लेअरला त्यांतले एकच कळले तर एकच मिळते. मागच्या वर्षी वेंगुर्ल्याहून आलेल्या एका आजींनी नातवाच्या बारशाचा पेनड्राइव्ह माझ्यासमोर लावला. पडदा काळा होता, पाळणा मात्र स्पष्ट ऐकू येत होता. “आवाज येता हा, पण चित्र खंय गेला?” हा त्यांचा प्रश्न या विषयातला सर्वांत नेमका प्रश्न होता. याच्या उलट, चित्र स्वच्छ आणि आवाज गायब, असेही होते. संगणकावरून उतरवलेल्या चित्रपटाच्या फाइलमध्ये डीटीएस पद्धतीचा आवाज असला की अनेक स्वस्त प्लेअर मुके होतात.

एव्हीआय फाइल असली म्हणजे सुटलो, असेही नाही. प्लेअरवर डिव्हएक्सचे साधे चिन्ह असेल तर त्याचा अर्थ साधारणपणे ७२० बाय ५७६ बिंदूंपर्यंतच्या चित्राची हमी असा असतो. त्याहून मोठे चित्र आले की तो अडखळतो किंवा सरळ नाकारतो. शिवाय फाइल बनवणाऱ्याने एक्सव्हिडमधल्या काही जास्तीच्या युक्त्या वापरल्या असतील तर चित्र हलताना फिसकटते. पेटीत काय आहे हे पाहण्याची सोय मोफत आहे. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ पाहण्याच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून ‘टूल्स’ या यादीतले ‘कोडेक इन्फर्मेशन’ पाहावे. तिथे एक्सव्हिड किंवा डिव्हएक्स दिसले तर आशा आहे. एच२६४ आणि पुढे ‘पार्ट १०’ असे दिसले तर स्वस्त प्लेअरकडून अपेक्षा ठेवू नये.

‘फुल एचडी १०८०पी’बद्दलचा गैरसमज त्या मानाने लवकर सुटतो. ही संख्या प्लेअर काय वाचू शकतो याची नसून टीव्हीकडे काय पाठवतो याची आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचेच असते. प्लेअर ते ताणून १९२० बाय १०८० करतो आणि एचडीएमआयच्या तारेतून देतो. लहान लुगडे मोठ्या दोरीवर ताणून वाळत घातले म्हणून त्याची लांबी वाढत नाही. या शिक्क्यामुळे ब्लू-रे डिस्क चालेल, असेही काही संदेशांत जोडलेले मी पाहिले आहे, आणि ते तर साफ चूक आहे : डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा तांबडा, ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा, ज्या किरणाने ४.७ जीबीची डिस्क वाचायची, त्याने २५ जीबीची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. एचडीएमआय असणे हा फायदा मात्र खराच आहे. गावच्या घरात अजून जुना खोक्याचा टीव्ही असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांची जागाही मागे आहे की नाही ते पाहून घ्यावे, कारण काही नव्या प्लेअरवर दोहोंपैकी एकच असते.

यूएसबी आणि हार्डडिस्कचा मुद्दा घेऊ. पुष्कळ स्वस्त प्लेअर फक्त फॅट३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्ह ओळखतात. ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीने तयार होऊन येतात, ते लावले की पडद्यावर ‘नो यूएसबी’ येते आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. फॅट३२मध्ये ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही, ही वेगळी अडचण. फिरती हार्डडिस्क लावण्याची कल्पना त्याहून वाईट, कारण यूएसबी २.०च्या सॉकेटमधून मिळायचा प्रवाह ५०० मिलिअँपिअरचा आणि हार्डडिस्क चालू होताना त्याहून जास्त मागते. मग ती टक् टक् करत बसते. फाइलला देवनागरीत नाव दिले असेल तर रिकामे चौकोन दिसतात, हा दोष मात्र निरुपद्रवी आहे.

इथे मला संदेशकर्त्याच्या मूळ गृहीतकावरच आक्षेप घ्यावासा वाटतो. घरचा टीव्ही गेल्या दहा वर्षांतला सपाट टीव्ही असेल तर त्याला स्वतःचे यूएसबी सॉकेट असते आणि एच.२६४ उलगडण्याची ताकद बहुतेक वेळा त्याच्यातच असते. मोबाइलचे व्हिडिओ त्यात थेट लावावेत. प्लेअर घ्यायचा तो डिस्कांसाठी. हे एकदा ठरले की निम्म्या जाहिराती आपोआप गैरलागू होतात.

आणि डिस्कांच्या बाबतीतच ‘चालली नाही तर टाकून द्या’ हा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो. सिंधुदुर्गातल्या कपाटांत दशावताराच्या, डबलबारी भजनांच्या (दोन बुवांच्या सवाल-जवाबाच्या), लग्नांच्या आणि वाडीतल्या नाटकांच्या ज्या डिस्क आहेत, त्यांतल्या पुष्कळशांची दुसरी प्रत कुठेच नाही. व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत, म्हणून रात्रभर रंगलेली एक बारी तीन-तीन डिस्कांत विभागलेली असते आणि मधली हरवली तर दुसऱ्या बुवांचे उत्तरच ऐकायला मिळत नाही. अशी डिस्क टाकण्यापूर्वी ती का चालत नाही, याची चार कारणे तरी पाहायला हवीत.

पहिले कारण म्हणजे डिस्क ‘फायनलाइज’ केलेली नसणे. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा डिस्कवर चित्रीकरण करणाऱ्या हँडिकॅमवर उतरवलेली डिस्क शेवटी बंद केली नसेल तर ती सहसा ज्या यंत्रावर झाली त्यावरच चालते, दुसऱ्या बहुतेक प्लेअरना ती कोरी वाटते. त्या हँडिकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क तर अनेकांनी ‘या कुठल्या खेळण्याच्या’ म्हणून फेकल्या. ट्रे बाहेर येणाऱ्या प्लेअरमध्ये मधल्या खोलगट भागात त्या नीट बसतात. फटीतून आत ओढून घेणाऱ्या यंत्रात मात्र चुकूनही घालू नयेत, अडकतात. ज्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण झाले तो अजून कोणाकडे चालू असेल तर फायनलाइज करून घ्यावे आणि मगच निकाल द्यावा.

दुसरे कारण प्लेअरच्या लेझरचे. सीडी आणि व्हीसीडी ७८० नॅनोमीटरच्या किरणाने वाचतात, म्हणून डीव्हीडी प्लेअरमध्ये बहुधा दोन लेझर असतात, आणि त्यांतला एक आधी दमतो. डीव्हीडी छान चालते आणि व्हीसीडी मात्र फिरत राहते, अशी तक्रार आली की मी डिस्क बाजूला ठेवतो आणि लेन्स पुसायला घेतो. घरी लिहिलेल्या डिस्क छापील डिस्कांपेक्षा कमी प्रकाश परत फेकतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी एखाद्या प्लेअरला नकोशी आणि शेजारच्याला सहज चालणारी, असे अनेकदा घडते.

तिसरे आपल्या हवेचे. जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या घरात डिस्कांवर बुरशीची जाळी धरते. ती पाहून घाबरू नये. साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुवावी, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी आणि सावलीत वाळवावी. गोल फिरवून पुसले की ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि तो प्लेअरला ओलांडता येत नाही. चौथे कारण ओरखड्यांचेच, पण त्यात एक भेद आहे. व्हीसीडीत चकाकणारा थर छापील बाजूच्या रंगाच्या अगदी खाली असतो, म्हणून वरून बॉलपेनने नाव कोरलेली व्हीसीडी खालून कितीही स्वच्छ असली तरी गेलेली असू शकते. उजेडाकडे धरली की त्या अक्षरांतून प्रकाश दिसतो. डीव्हीडीत तोच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो, कारण दर वर्षी कोणीतरी विचारतो. व्हीसीडी संगणकावर घालून तिच्यातली ‘डॅट’ फाइल पेनड्राइव्हवर उतरवली आणि टीव्हीला लावली तर अनेक टीव्ही ती ओळखत नाहीत. याचा अर्थ नक्कल चुकली असा नव्हे. आत साधे एमपेग-१ चित्रच असते, फक्त पेटी टीव्हीच्या ओळखीची नसते. व्हीएलसीमध्ये ती चालते आणि एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने तिची नवी फाइल करून ठेवता येते.

आता त्या अर्ध्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. अनोळखी नावाचे स्वस्त प्लेअर फॉरमॅटच्या बाबतीत नामांकितांपेक्षा कधीकधी जास्त उदार असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. डीव्हीडीवर प्रदेशाचा क्रमांक असतो : भारताचा ५, आखाती देशांचा २, अमेरिकेचा १. आखातातून परतलेल्या माणसाने आणलेली डिस्क नामांकित प्लेअर ‘चुकीचा प्रदेश’ म्हणून परत करतो आणि स्वस्तातला मुकाट्याने चालवतो. पण स्वस्तातल्याचा खर्च दुसरीकडून निघतो. पावसात आपल्याकडे विजेचा दाब खालीवर होतो, आणि ज्या प्लेअरच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला दिलेला नसतो, त्याचा पॉवर सप्लाय वादळी रात्रीनंतर माझ्याकडे येतो. खाऱ्या वाऱ्याने ट्रेच्या मोटरची टोके हिरवी पडतात. कंपनीचा असो वा नसो, लेन्सचा सुटा भाग जिल्ह्यात मिळतो का, हा प्रश्न दुकानदाराला खरेदीआधी विचारावा. त्याच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळते.

गेल्या श्रावणात माझा एक मावसभाऊ कणकवलीला प्लेअर घ्यायला निघाला तेव्हा मी त्याच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात डबलबारीची एक व्हीसीडी, त्याच्याच लग्नाची लिहिलेली डीव्हीडी, आणि फॅट३२ केलेल्या ८ जीबी पेनड्राइव्हवर एक एक्सव्हिडची फाइल व एक मोबाइलचा व्हिडिओ होता. दुकानदाराने आधी नाक मुरडले, पण गिऱ्हाईक हलेना म्हणून तीन प्लेअर टेबलावर मांडले. मोबाइलचा व्हिडिओ तिघांनीही नाकारला, त्यांतल्या दोघांच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत ‘एमपी४’ होते. एक्सव्हिड दोघांनी चालवले. लग्नाची डीव्हीडी तिघांनी वाचली. व्हीसीडी फक्त एकाने पहिल्या झटक्यात उचलली आणि तो तिघांत सर्वांत स्वस्त होता. भावाने तोच घेतला. मोबाइलचे व्हिडिओ तो आता टीव्हीच्या यूएसबीला लावतो, आणि ती व्हीसीडी मला अजून परत मिळालेली नाही.