खुलासा : डबेवाल्यांना आमंत्रण कोणत्या लग्नाचं?

‘मुंबईचे डबेवाले प्रिन्स हॅरीच्या लग्नाला पाहुणे म्हणून गेले होते’ असा मजकूर फिरतोय. सोबत फेट्याचा आणि पैठणीचा उल्लेख आहे, त्यामुळे खरा वाटतो. पण इथे दोन लग्नांची गल्लत झाली आहे.

आमंत्रण आलं होतं ते हॅरीचे वडील चार्ल्स आणि कॅमिला यांच्या लग्नाचं, २००५ साली. चार्ल्स नोव्हेंबर २००३ मध्ये चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले होते, ती ओळख त्यांनी ठेवली. डबेवाल्यांच्या वतीने रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे लग्नासाठी इंग्लंडमधल्या विंडसरला गेले. लग्न ८ एप्रिलला ठरलं होतं. पोप जॉन पॉल दुसरे यांचा अंत्यविधी त्याच दिवशी आल्याने ते ९ तारखेला झालं.

हॅरी-मेगनचं लग्न १९ मे २०१८ चं. त्या वेळी डबेवाल्यांनी आनंदाने आहेर विकत घेतला : मेगनसाठी पैठणी, हॅरीसाठी कुर्ता आणि फेटा. आमंत्रण मात्र नव्हतं. बोलावणं नसताना आहेर करणं हे मला तर जास्तच मोठं वाटतं. डोक्यावर डब्यांची पाटी वाहणाऱ्या माणसांचं हे मन आहे, ते चुकीच्या मजकुरात हरवू नये. ज्या ग्रुपवर तो आला असेल, तिथे कृपया ही दुरुस्ती टाका.