वर्ग हवाच, भाऊ

भाऊ, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. शिक्षण सुटलेल्या मोठ्या माणसांना कॉलेजप्रवेशासाठी तयार करायला प्रत्यक्ष वर्ग भरवणं ही निव्वळ हौस आहे, असं तुमचं म्हणणं. तुम्ही नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पाळ्या सांभाळून, कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म भरलात, गाइड वाचून बारावी काढलीत. आता तर मोबाइलवर सगळं फुकट मिळतं. मग लोकांना 45 अंशांच्या उन्हात घराबाहेर कशाला काढायचं, असं तुम्ही विचारता.

तुमच्या बारावीचा मला मनापासून आदर आहे. पण मी रविवारी ज्यांना शिकवते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आधी हाच रस्ता धरला होता. फी भरली, पुस्तकं आणली आणि पहिल्या पेपरलाच गेले नाहीत. ही माणसं पहाटे चारला उठून कामाला लागणारी आहेत, त्यांना आळशी कोण म्हणेल?

कॉटन मार्केटमध्ये अडतीच्या, म्हणजे दलालीवर माल विकून देणाऱ्या दुकानात काम करणारा एक जण आमच्याकडे येतो. 2,350 रुपयांच्या मालावर 6 टक्के अडत किती, असं विचारलं की तोंडातून लगेच 141 येतं. सराव परीक्षेत त्यानं नुसतं 141 लिहिलं आणि एकच मार्क मिळाला. वही घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. ‘मॅडम, उत्तर तर बरोबर हाय ना, मंग मार्क काऊन कापले?’ मी म्हटलं, डोक्यात कसं केलं ते सांगा. तो म्हणाला, शंभराला सहा, म्हणजे हजाराला साठ, दोन हजाराचे एकशे वीस, वरच्या साडेतीनशेचे एकवीस. म्हटलं, हेच ओळीखाली ओळ लिहा, याच पायऱ्यांना मार्क असतात. पुढच्या गणितापासून त्याचं कधी अडलं नाही. व्हिडिओतल्या सरांना त्याची वही कशी दिसणार?

लिहिण्याचंही तसंच. वीस वर्षांत सही आणि किराण्याची यादी यापलीकडे पेन न धरलेल्या बाईचं मनगट अर्ध्या पानात भरून येतं. तीन तास लिहिण्याची सवय लिहूनच होते, आणि शेजारी आपल्याच वयाचं कुणी तसंच कण्हत लिहीत असलं की ती टिकते. लाज हा तर सगळ्यात मोठा अडथळा. घरी मुलासमोर ‘टिपा लिहा म्हणजे किती लिहायचं?’ हे विचारता येत नाही, वर्गात येतं.

ही काही परदेशातून आणलेली फॅशन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्यांना समोर बसवून शिकवण्यासाठीच. 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. त्याच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमातून बारावी न झालेली कितीतरी माणसं बी.ए.पर्यंत पोचली. दूरशिक्षणाचं विद्यापीठ असूनही त्यांनी अभ्यासकेंद्रं, समोरासमोरची संपर्क सत्रं आणि तिथे शिकवणारे समंत्रक ठेवले, ते उगाच नाही. (प्रवेशाचे आणि समकक्षतेचे नियम बदलतात. पैसे भरण्याआधी केंद्रावर जाऊन विचारा, हे सगळ्यांनाच सांगते.) ब्रिटनमध्ये अशा माणसांसाठी ‘अ‍ॅक्सेस टू हायर एज्युकेशन’ नावाची 60 क्रेडिटची पदविका आहे. ती साधारण वर्षभरात होते आणि तिच्या जोरावर थेट विद्यापीठात अर्ज करता येतो. आपल्या नागपूर विद्यापीठाला 2023 मध्ये शंभर वर्षं झाली. शहरातल्या कॉलेजांच्या खोल्या रविवारी कुलूपबंद असतात. त्या उघडून असा वर्षभराचा वर्ग इथे का चालू नये? माझी मागणी एवढीच आहे.

खर्चाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. कामठीहून किंवा बुटीबोरीहून यायचं तर भाडं लागतं, रोजीही बुडते. म्हणून वर्ग बर्डीसारख्या, बस आणि मेट्रो दोन्ही मिळणाऱ्या ठिकाणी हवा. मे महिन्यात तो सकाळी सातलाच भरवावा.

आणि ज्यांना येणं शक्यच नाही, त्यांनी तुमच्यासारखा 17 नंबरचा फॉर्म जरूर भरावा. फक्त जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, हातानं लिहून सोडवाव्यात आणि कुणाकडून तरी तपासून घ्याव्यात. तपासणारं कुणी नसेल तर उत्तरांचे फोटो मला पाठवा, मी तपासून देईन. गणिताचे पेपर तुम्ही घ्याल का, भाऊ?