म्हणे अत्याचाराच्या गोष्टीत गाणी कशाला?

गेले काही दिवस एक लांबलचक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस वॉकरच्या 'द कलर पर्पल' या कादंबरीवर स्पीलबर्गने अगदी प्रामाणिक सिनेमा केला, मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवाल्यांनी लेखिकेला न विचारता पैशासाठी त्यात नाचगाणी घुसडली, बलात्कार सोसलेल्या बाईला गायला लावून तिचा अपमान केला आणि म्हणून ते नाटक सपशेल आपटलं. मी दुर्लक्ष केलं असतं, पण इंग्रजीत एमए करणारी माझी भाची हे वाचून प्रोजेक्टचा विषयच बदलायला निघाली, "मावशी, हे फारच असंवेदनशील आहे गं, सोडून देते मी" म्हणाली, आणि माझं डोकं फिरलं. कादंबरी तिनं दोनदा वाचलीये, नाटकातलं एक गाणं ऐकलेलं नाही.

आधी सोपं उरकते. नाटक आपटलं नाही. डिसेंबर २००५ मध्ये ब्रॉडवेवर आलं, फेब्रुवारी २००८ पर्यंत चाललं, ९१० प्रयोग झाले. नायिका सीलीचं काम करणाऱ्या ला शान्झला टोनी, म्हणजे तिथलं नाटकांचं मोठं पारितोषिक, मिळालं. २०१५ मध्ये नव्यानं उभं राहिलं तेव्हा सर्वोत्कृष्ट रिव्हायव्हलचं टोनी मिळालं, तीच भूमिका करणाऱ्या सिंथिया एरिवोलाही मिळालं. लेखिकेला विचारलं नाही हेही खोटं. निर्माते स्कॉट सँडर्स तिला जाऊन भेटले, ती आधी तयार नव्हती, नंतर हो म्हणाली.

पैशाचं म्हणाल तर थोडं मान्य. ओप्रा विन्फ्रीचं नाव वर लावून ते विकलं गेलं, आणि २००५ च्या पहिल्या निर्मितीत चाळीसेक वर्षांची गोष्ट कोंबल्यामुळे प्रसंग धावतात, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. पण दिग्दर्शक जॉन डॉयलनं २०१५ च्या रिव्हायव्हलमध्ये हे सगळं छाटून टाकलं. मागे लाकडी फळ्यांची भिंत, तिच्यावर टांगलेल्या साध्या खुर्च्या, बाकी नटांचे आवाज. भपक्याचा आरोप करणाऱ्यानं निदान एक फोटो तरी बघायचा होता.

आता सिनेमाच्या प्रामाणिकपणाबद्दल. कादंबरीत सीली आणि तिच्या नवऱ्याची प्रेयसी शग या दोघींचं प्रेम हा गाभा आहे, शरीरासकट. १९८५ च्या सिनेमात त्याचं एक चुंबन उरलं. हे मी म्हणत नाही, स्पीलबर्गनेच २०११ मधल्या एका मुलाखतीत कबूल केलंय की ते त्यानं भिडेखातर सौम्य केलं. नाटकात त्या दोघींना उघड प्रेमगीत आहे, पहिला अंक तिथे शेवटाला येतो. मग गोष्टीत पाणी कुणी घातलं?

आणि सगळ्यात संताप आणणारा मुद्दा, गाण्यानं अपमान होतो हा. अहो, कादंबरीतच शग ही गाणारी बाई आहे! सीलीचा सावत्र मुलगा हार्पो याच्या गुत्त्यात भर लोकांत ती सीलीच्या नावाचं गाणं म्हणते, आपल्या नावानं कुणी काही केलंय असं सीलीच्या आयुष्यात पहिल्यांदा घडतं. गाणं बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, ते मुळात तिथेच आहे. आणि हा मेसेज मराठीत लिहिणाऱ्यानं तर जरा विचार करायला हवा होता. आपल्या बायांनी सासुरवास, मार, मेलेली लेकरं, सगळं जात्यावर गाऊनच सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांच्या कामातून अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या आहेत. त्या बायांनी स्वतःचा अपमान केला का? बोलायची सोय नव्हती तिथे त्या गायल्या.

नेमकं हेच नाटकात होतं. कादंबरीत शग सांगते की माझं एका पोरसवदा मुलावर मन बसलंय, मी त्याच्यासोबत जातेय. सीलीच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती कागदावर लिहून उत्तर देते. सिनेमात हा प्रसंग नाहीच. नाटकात मात्र याच जागी 'आय अ‍ॅम हिअर' येतं. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, ती आपल्याकडे काय काय आहे ते मोजत जाते, बहीण आहे, मुलं आहेत, घर आहे, हात आहेत, आणि शेवटी मी सुंदर आहे, मी आहे असं मोठ्यानं म्हणते. जिला लहानपणापासून कुरूप म्हणून हिणवलं, देवाशिवाय कुणाला सांगू नकोस म्हणून धमकावलं, ती बाई हजार माणसांसमोर एकटी उभी राहून हे गाते. यात नाचगाणं घुसडलेलं कुठे दिसतं तुम्हाला?

ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यासाठी २०१५ च्या कलाकारांचं रेकॉर्डिंग आहे, एरिवोच्या आवाजात. आधी कादंबरीतला तो प्रसंग वाचा, मग ते गाणं ऐका आणि मग काय फॉरवर्ड करायचं ते करा.