तिकिटावर नुसतं ‘गोवा’ लिहिलेलं असतं, म्हणून...

गोव्याला जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हल्ली एकच विचारते: विमानतळ कुठला, मोपा की दाबोळी? निम्मे लोक म्हणतात, "अगं, गोवा गं!" मग मी तिकीट पाठवायला सांगते. त्यावरचा कोड जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा.

नकाशावर पट्टी ठेवलीत तर दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर अंतर आहे. पण मध्ये शापोरा, मांडवी, झुवारी अशा नद्या आहेत. रस्त्याने ते साठीच्या पुढे जातं. धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, बांबोळी, कुठ्ठाळी आणि मग वास्कोच्या दिशेला वळायचं. रस्ता मोकळा असेल तर दीड तास. संध्याकाळी पर्वरीत अडकलात की दोन, कधी त्याहून जास्त. झुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा जाच बराच कमी झालाय, हे मात्र मान्य करायला हवं. मुंबईहून गोव्याचं विमान सव्वा तासात उतरतं, हे लक्षात घ्या.

त्यामुळे ‘येताना मोपा, पुढचं विमान दाबोळीहून’ असली जोडतिकिटं स्वस्त दिसली तरी माझ्या मते काढूच नयेत. काढलीच तर मध्ये पाच तास ठेवा. बॅगा येईपर्यंतचा वेळ, रस्ता, आणि पुढच्या विमानाचं चेक-इन तासभर आधी बंद होतं ते धरून सांगतेय. कनेक्शन चुकलं तर दोन वेगळ्या तिकिटांची जबाबदारी कुणीही घेत नाही.

माझं सासर मडगावचं. तिथून दाबोळी अर्ध्या-पाऊण तासावर, मोपा दोन तासांवर. विमानात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, वर अर्धा दिवस गेला तो वेगळाच. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस आहेत आणि त्या चांगल्याही आहेत, पण रात्री उशिरा दोन लहान मुलं आणि चार बॅगा घेऊन कोण बस शोधणार? दाबोळीतली विमानं हळूहळू मोपाला जातील, या भीतीने दक्षिण गोव्यातले लोक चिडतात तेव्हा काहींना तो तालुक्या-तालुक्यांतला रुसवा वाटतो. मला त्यांचा राग पटतो. अख्खं राज्य उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर लांब, आणि मोपा त्याच्या पार वरच्या टोकाला, पेडण्यात.

दाबोळीच्या अडचणी खोट्या नाहीत. धावपट्टी नौदलाची, आयएनएस हंसा या तळाची. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे तास त्यांच्या सरावाला जातात. नव्या विमानतळाची गरज होतीच. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून उड्डाणं सुरू झाली आणि खरा फायदा कुणाला झाला असेल तर आमच्या सिंधुदुर्गाला! बांद्याची माझी मावशी पूर्वी दाबोळीला जायचं म्हणजे पहाटेच डबा बांधून निघायची. आता चहा पिऊन निघते. सावंतवाडी, दोडामार्गवाल्यांचंही तसंच.

म्हणून माहेरी जाताना मी मोपाचं तिकीट काढते आणि सासरी जाताना दाबोळीचं, मग ते हजार-दीड हजाराने महाग का असेना. नवऱ्याला हा हिशेब अजून पटलेला नाही. तो तिकिटाची किंमत तेवढी बघतो, टॅक्सीचं भाडं मी देते ना!