देवनागरी विषय सर्व्हरच्या फिल्टरला कळतो

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतो आहे: ‘मेल सर्व्हरवर फिल्टर स्क्रिप्ट लावू नका. तिला फक्त इंग्रजी कळतं, मराठी-कन्नड विषय कळत नाहीत, मेल गायब होतात आणि सर्व्हर मंद होतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नियम लावा, पुरे.’ फिल्टर स्क्रिप्ट म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं, कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचा, हे सर्व्हरला सांगणारी नियमांची यादी.

खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा मेल मी सांभाळतो. ग्रामपंचायतीचं पत्र कन्नडात, सभासदाचा अर्ज मराठीत, बँकेची सूचना इंग्रजीत, आणि सगळं एकाच इनबॉक्समध्ये. असा सल्ला मानला तर आमच्यासारख्यांचंच सर्वांत जास्त नुकसान आहे.

आधी भाषेचं बघू. देवनागरी विषय (मेलची ‘सब्जेक्ट’ ओळ) सहसा जसाच्या तसा प्रवास करत नाही, तो सांकेतिक अक्षरांत गुंडाळून जातो. प्रोकमेल हा जुना फिल्टर प्रोग्रॅम. ते ती गुंडाळी न सोडताच शब्द शोधायचं, त्यामुळे मराठी शब्द त्याला सापडत नसे. ही तक्रार तिथून आली असावी आणि त्या काळापुरती ती रास्तही होती. पण डव्हकॉटसारख्या मेल सर्व्हरवर आज चालते ती सीव्ह ही फिल्टर लिहिण्याची भाषा. तिचं २००८ चं मानक, आरएफसी ५२२८, सांगतं की स्क्रिप्ट यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी सामावणाऱ्या युनिकोडच्या एका रूपात, असते आणि विषय आधी उलगडून मगच तुलना होते. ‘कर्ज’ लिहा, ‘कर्ज’ सापडतं. कन्नड लिपीतला शब्दही तसाच.

खरी अडचण वेगळीच आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण आत तो दोन-तीन प्रकारे साठवलेला असतो. कुणाच्या कीबोर्डवरून नुक्तावाला ‘ऱ’ येतो, कुणाकडून साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. सीव्हची नेहमीची तुलना एकेक बाइट जुळवते. तिला हे शब्द वेगळेच वाटतात. उपाय सोपा: ‘शेतक’ एवढाच तुकडा शोधा, किंवा दोन्ही रूपं यादीत द्या. मी तुकडाच शोधतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात कुणी विषय लिहून पाठवत असेल, तर शब्दाच्या मागे लागू नका, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर नियम लावा.

आता मेल गायब होण्याचं. सीव्हचा मूळ स्वभाव उलट आहे: कोणताच नियम लागला नाही तर मेल इनबॉक्समध्येच राहतो. चालता चालता स्क्रिप्ट अडखळली तरीही मेल इनबॉक्समध्येच पडतो. मॅनेजसीव्ह, म्हणजे स्क्रिप्ट सर्व्हरवर पाठवायची सोय, तिच्यावरून चढवताना स्क्रिप्टचं व्याकरण तपासलं जातं, चुकलेली स्क्रिप्ट स्वीकारलीच जात नाही. मेल जातो तो आपल्या हातानं. एक, ‘डिस्कार्ड’ (मेल टाकून दे) लिहिलं तर. दोन, ‘रिडायरेक्ट’ नुसतं लिहिलं तर, कारण मेल पुढे पाठवला की इकडची प्रत ठेवली जात नाही. ‘कॉपी’ जोडलं की प्रत राहते. हे दुसरं फार जणांना ठाऊक नसतं, आणि ‘सर्व्हरनं मेल खाल्ला’ अशी बोंब होते. नवा नियम लावताना महिनाभर तरी ‘डिस्कार्ड’ टाळा. ‘तपासणी’ नावाचं फोल्डर करून संशयित मेल तिथे वळवा आणि रोज एकदा बघा.

मंद होण्याची भीती तर सोडूनच द्या. मूळ सीव्ह भाषेत लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची सोय, मुद्दामच ठेवलेला नाही आणि तिच्यातून बाहेरचा प्रोग्रॅमही चालवता येत नाही. एखादी स्क्रिप्ट सर्व्हरला फिरवत ठेवेल, ही वाटच बंद केलेली आहे.

राहिला ऑफिसचा कॉम्प्युटर. त्याच्यातला नियम तो चालू असला, मेलचा प्रोग्रॅम उघडा असला तरच लागतो. संध्याकाळी कुलूप लावून गेलात, किंवा वीज गेली, की सेक्रेटरींच्या मोबाइलवर सगळे मेल एकाच ढिगात येतात. सर्व्हरवरचा नियम मेल पोचतानाच लागतो, म्हणून त्यांच्या मोबाइलवरही कर्जाचे अर्ज वेगळ्या फोल्डरमध्ये दिसतात.